सातबारावर नाव कुणाचं? शेतकऱ्याचे बारा हजार आणि आपल्या घरातले कागद

खेड्यापाड्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दर चार महिन्यांनी एकच चर्चा सुरू होते. शेजारच्या घरात दोन हजारांचा मेसेज येतो, आपल्या घरात येत नाही. मग मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर तोच सवाल ऐकू येतो: त्यांना हप्ता आला, आम्हाला का नाही? जमीन आमचीही आहे, राबतो आम्हीही. कुणी म्हणतं, वरूनच यादीतून नाव काढलं. कुणी म्हणतं, आपलं नाव बघूनच मागे ठेवतात. कुणी म्हणतं, दोनशे-पाचशे दिल्याशिवाय काम होत नाही.

अन्याय कुठेच होत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. पण या पैशाचा मार्ग नीट समजून घेतला तर एक गोष्ट लक्षात येते. पीएम किसानच्या अर्जात धर्माचा रकाना नाही. त्यात तपासलं जातं ते सातबारावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेचं खातं. या तिन्ही ठिकाणी माणूस एकच आहे, हे कागदावर सिद्ध झालं तर पैसे येतात. झालं नाही तर थांबतात. आणि आपल्या घरांमध्ये नेमके हेच कागद वर्षानुवर्षं जुळत नाहीत. का जुळत नाहीत आणि ते जुळवायचे कसे, ते या लेखात सांगत आहोत.

पैसे किती आणि कुणाचे

शेतकऱ्याच्या खात्यात थेट येणाऱ्या दोन रकमा आहेत. पहिली केंद्र सरकारची पीएम किसान सन्मान निधी. तिची घोषणा फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली आणि 1 डिसेंबर 2018 पासून ती लागू धरली गेली. वर्षाला 6,000 रुपये, प्रत्येकी 2,000 रुपयांचे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै एक, ऑगस्ट ते नोव्हेंबर दुसरा, डिसेंबर ते मार्च तिसरा. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठीच ही योजना होती. 2019 च्या मध्यात ती अट काढली. आता जमीन अर्धा एकर असो की वीस एकर, रक्कम तेवढीच.

दुसरी महाराष्ट्र सरकारची नमो शेतकरी महासन्मान निधी. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीच्या कार्यक्रमातून सुमारे 86 लाख शेतकऱ्यांना वाटला गेला. तिचेही वर्षाला 6,000 रुपये. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. पीएम किसानच्या यादीत ज्याचं नाव पात्र आहे, त्यालाच नमोचा हप्ता मिळतो. म्हणून एका यादीतून नाव सुटलं की दोन्ही रकमा सुटतात. वर्षाचे बारा हजार.

ही रक्कम मोठी नाही, हे खरं. आजच्या महागाईत बी-बियाणं आणि खताचा एका हंगामाचा खर्चही त्यात भागत नाही. पण 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी 1.34 हेक्टर जमीन होती, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या जमिनीवर जगणाऱ्या घरात बारा हजार म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी, अम्मीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, किंवा सावकाराच्या दारात न जाता झालेली पेरणी. तीन वर्षं हप्ता आला नाही तर छत्तीस हजार गेले.

पैसा राबणाऱ्याला नाही, नाव असलेल्याला

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ही योजना शेती करणाऱ्याची आहे असं आपण समजतो. नियमानुसार ती जमीन नावावर असलेल्या शेतकरी कुटुंबाची आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. या एका कुटुंबाला एकच लाभ. नवऱ्याच्या नावे वेगळी जमीन आणि बायकोच्या नावे वेगळी जमीन असली तरी दोघांना मिळून एकच. बालिग झालेल्या मुलाच्या नावावर स्वतःची जमीन असेल तर त्याचं कुटुंब वेगळं धरतात.

म्हणजे जो बटाईने शेत करतो, ठोक्याने किंवा मक्त्याने घेतो, त्याला यातून काही मिळत नाही. आपल्या बागवान मंडळींमध्ये आंब्याची, संत्र्याची, मोसंबीची बाग बहारावर घेण्याचा जुना धंदा आहे. फवारणी त्यांची, राखण त्यांची, गारपीट झाली तर नुकसानही त्यांचं. पण जमिनीचा मालक दुसरा, म्हणून हप्ता मालकाच्या खात्यात. या योजनेची ही मोठी उणीव आहे आणि तसं सांगायला हरकत नाही. त्यासाठी सेतू केंद्रावर भांडून मात्र उपयोग नाही, कारण नियमच तसा आहे. कसणाऱ्याला पीक विम्यात जागा आहे. त्यासाठी जमीनमालकाशी केलेला भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो. तोंडी बोलीवर बाग किंवा शेत घेणाऱ्यांनी निदान एवढं करून घ्यावं.

दुसरा प्रकार मराठवाड्यात जास्त दिसतो. मशीद, दर्गाह किंवा ईदगाहच्या इनामी जमिनी, ज्यांना खिदमतमाश म्हणतात, त्या पिढ्यान् पिढ्या एखादं घर कसत असतं. पण मालकीच्या रकान्यात संस्थेचं नाव असतं. संस्थेच्या जमिनीला पीएम किसान लागू नाही. हप्त्यासाठी किंवा आणखी कशासाठी अशी जमीन स्वतःच्या नावावर लावून घेण्याची खटपट काहीजण करतात. वक्फ ही अमानत आहे. बारा हजारांसाठी त्या अमानतीला हात लावू नये. कायद्यानेही ते महागात पडतं.

मरहूम अब्बांच्या नावावरची जमीन

आता मुख्य दुखणं. आपल्या किती घरांत सातबारावर आजही आजोबांचं नाव आहे? आजोबांचा इंतिकाल होऊन पंचवीस वर्षं झाली, मग अब्बाही गेले, तीन भावांनी बांध घालून शेत वाटून घेतलं, तिघं तीन ठिकाणी राबतात, पण कागदावर मालक अजून कब्रस्तानात आहेत. घरात भांडण नाही, म्हणून कुणी तलाठ्याकडे गेलं नाही. 'आपसात समज आहे, कागदाची काय गरज' असं म्हणत दिवस गेले.

सरकारच्या संगणकाला ही समज कळत नाही. सातबारावर नाव नाही म्हणजे जमीन नाही, जमीन नाही म्हणजे हप्ता नाही. गोष्ट हप्त्यापुरती राहत नाही. पीक कर्ज अडतं, अतिवृष्टीची मदत अडते, विहिरीचं अनुदान अडतं, रस्त्यात जमीन गेली तर मोबदला अडतो. 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, मागितला जातो. तो आधारला सातबारा जोडून तयार होतो. जिथे सातबाराच मरहूम माणसाच्या नावावर आहे, तिथे जोडणार काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार वारसाने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. पण दर पिढीमागे वारसांची संख्या वाढते, कुणी मुंबईला, कुणी आखातात, कुणाचा पत्ता नाही, आणि काम अवघड होत जातं. सरकारलाही हे दुखणं माहीत आहे. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम 2025 च्या एप्रिलपासून सगळ्या राज्यात राबवली गेली, ती याचसाठी: मयत खातेदारांची नावं शोधून त्यांच्या वारसांची नोंद करायची. त्या वेळी ज्यांचं राहिलं, त्यांना दार बंद झालेलं नाही. वारस नोंद हे तलाठ्याचं, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचं, बाराही महिने चालणारं काम आहे.

कागद फार लागत नाहीत. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वय, पत्ता आणि मयताशी नातं लिहिलेला अर्ज, वारसांबद्दलचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधारच्या प्रती आणि जमिनीचे सातबारा व आठ-अ. अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. अर्ज आला की वारसा नोंदवहीत आणि फेरफार नोंदवहीत नोंद होते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि नवी नावं सातबारावर येतात. अर्जाची पोच नक्की घ्यावी. पोच हातात असली की पुढे विचारायला तोंड राहतं.

जुन्या मृत्यूचा दाखला नाही, ही अडचण बऱ्याच घरांत येते. आपल्याकडे दफन झालं, फातिहा झाली, पण ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद केली नाही. एक वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने होते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी हाती घ्यावं. आणि इथून पुढे घरात कुणाचा इंतिकाल झाला तर 21 दिवसांच्या आत नोंद करावी. कब्रस्तान कमिटीने आपल्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवून घरच्यांना याची आठवण करून दिली तर गावातल्या अर्ध्या अडचणी जागीच मिटतील.

एक सूट इथे महत्त्वाची आहे. पीएम किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख ठरलेली आहे. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने नावावर आलेल्या जमिनीवर नव्याने लाभ मिळत नाही. काहींनी हप्ते वाढावेत म्हणून हयात बापाची जमीन मुलांच्या नावावर केली, त्यांचे अर्ज याच कारणाने अडकले. पण जमीनमालकाच्या मृत्यूनंतर वारसाने जमीन आली असेल तर ती अट आड येत नाही. म्हणजे अब्बांच्या पश्चात ज्यांची नावं वारस म्हणून लागली, ते पात्र असतील तर अर्ज करू शकतात.

बहिणीचं नाव कुठे आहे?

वारस नोंदीचा विषय निघाला की घरात आवाज खाली येतो. भावांची नावं सगळे सांगतात. बहिणींचं नाव आलं की म्हणतात, 'तिचं लग्न झालं, तिला हुंडा-भांडी दिली, ती काही मागत नाही.' कधी तिला तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतात. ती भावाचं घर तुटू नये म्हणून देतेही.

आम्ही मक्तबमध्ये मुलांना शिकवतो की मिराशीचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिले आहेत. त्यात मुलगी आहे, बेवा आहे, आई आहे. नमाज-रोज्याबद्दल आपण जेवढे काटेकोर, तेवढेच इथेही असायला हवं. वारसांच्या अर्जात बहिणीचं नाव न लिहिणं म्हणजे शपथपत्रावर खोटं लिहिणं. पुढे तिने किंवा तिच्या मुलांनी हरकत घेतली की तो फेरफारही वादात सापडतो.

याला व्यवहाराची बाजूही आहे. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. समजा एका बहिणीचा नवरा पुण्यात रंगकाम करतो, त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. अब्बांच्या पश्चात तिचं नाव सातबारावर लागलं तर तिचं कुटुंब स्वतंत्रपणे पात्र ठरू शकतं. भावाचा हप्ता त्याने कमी होत नाही, कारण हप्ता एकरावर मोजला जात नाही. तिचं नाव गाळून भावांना एक पैसा जास्त मिळत नाही. उलट बहिणीच्या घरात वर्षाला बारा हजार येण्याचा रस्ता बंद होतो. हे गणित आम्ही सांगितलं की पुष्कळ भाऊ गप्प होतात.

बेवा बहिणींचा प्रश्न तर जास्त तातडीचा आहे. नवरा गेला, हप्ता बंद झाला, दीर म्हणतो बघू. तिचं आणि तिच्या लहान मुलांचं नाव वारस म्हणून लागलं की ती स्वतः अर्ज करू शकते. मुलं नाबालिग असतील तर सातबारावर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा येतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अठराचं झालं की तो शेरा काढून घ्यावा लागतो. चाळिशीतल्या माणसाच्या नावापुढे आजही अ.पा.क. असलेले सातबारे आहेत, आणि मालक स्वतः असूनही त्याचे व्यवहार त्यामुळे अडतात.

हिश्श्यांबद्दल घरात वाद असेल तर तो तलाठी सोडवू शकत नाही. त्यासाठी वकील किंवा दिवाणी न्यायालय. पण नाव लागणं आणि हिस्सा वेगळा मोजून मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव आधी लावून घ्यावं.

शेख, शे. आणि शेक

आता नावाच्या घोळाबद्दल. आपल्याकडे तो इतरांपेक्षा जास्त आहे आणि त्याला कारणं आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात नाव लिहिण्याची पद्धत 'शेख रहीम शेख करीम' अशी. आधी शेख, मग नाव, मग पुन्हा शेख आणि बापाचं नाव. आधार काढताना ऑपरेटरने नाव, मधलं नाव, आडनाव असे रकाने पाहिले आणि 'रहीम करीम शेख' लिहिलं. जुन्या हस्तलिखित सातबारावर जागा वाचवायला 'शे. रहीम शे. करीम' होतं, ते संगणकावर चढवताना कुठे 'शेक' झालं, कुठे 'शे' राहून गेलं. महंमद, मोहम्मद, मो., म. हे सगळे एकच, पण संगणकाला चार माणसं दिसतात. अब्दुल रहमानचा कुठे 'अ. रहेमान' होतो.

इंग्रजीत आणखी गंमत. शेख कुठे एस-एच-ए-आय-के-एच, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे नुसतं एस-के. कोकणात आडनाव शेवटी लिहितात, तिथे हा घोळ कमी. पण तिथेही सातबारावर जुनं खोताचं किंवा गावाचं नाव आणि आधारवर दुसरं आडनाव, असं होतं.

बायकांच्या नावाचं तर विचारू नका. सातबारावर 'हलिमाबी भ्र. शेख उस्मान', आधारवर 'हलिमा उस्मान शेख', बँकेत 'हलिमा बेगम'. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. नवऱ्याचं नाव कुठे आहे, कुठे नाही. माहेरच्या जमिनीवर तर लग्नाआधीचं नाव असतं.

यावर उपाय एकच. एक नाव ठरवा आणि सगळीकडे तेच करा. आधार हा पाया धरा, कारण हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आधारवरचं नाव आधी शाळेच्या दाखल्याप्रमाणे किंवा इतर पक्क्या पुराव्याप्रमाणे नीट करून घ्या. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई करू नका, स्पेलिंग घरात एकदा लिहून पक्कं करा. नंतर बँकेत तेच नाव करा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करण्याची सोय आहे. सातबारावरची चूक लिहिण्यातली असेल, म्हणजे जुन्या हस्तलिखितात नाव बरोबर आणि संगणकात चुकलेलं, तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यासोबत जुन्या सातबाराची किंवा फेरफाराची नक्कल जोडा.

मुलांच्या बाबतीत ही चूक पुन्हा करू नये. आम्ही शाळेत प्रवेश देताना पाहतो, जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि बाप तोंडी सांगतो तिसरंच. पहिलीत लिहिलेलं नाव दहावीच्या सनदेवर जातं आणि तिथून आयुष्यभर. प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटं थांबून स्पेलिंग तपासणं, हे पुढच्या वीस वर्षांच्या चकरा वाचवणारं काम आहे.

हप्ता नेमका कुठे अडला, ते स्वतः पाहा

यासाठी एजंट लागत नाही. घरातला दहावीतला मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर हे पाहू शकते. पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' हा भाग आहे. नोंदणी क्रमांक टाकला की तीन गोष्टी दिसतात.

पहिली, लँड सीडिंग. इथे 'नो' असेल तर जमिनीची नोंद तुमच्या अर्जाशी जोडलेली नाही. चालू सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी किंवा तहसील कार्यालयात जा.

दुसरी, ई-केवायसी. ती तीन प्रकारे होते: मोबाइलवर ओटीपीने, सामायिक सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने, किंवा पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून. शेतात काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांना अंगठा लागत नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्याची सोय उपयोगी पडते. ओटीपीसाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा.

तिसरी, आधार-बँक सीडिंग. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. खात्याला आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असं वाटतं. तसं नाही. सरकारी पैसे ज्या एका खात्याशी आधार मॅप झालेला आहे, तिथेच जातात. कुणी दोन-तीन बँकांत खाती काढली, शेवटी ज्या बँकेत आधार जोडला, तिथे हप्ता जातो आणि माणूस जुन्या पासबुकावर नोंद शोधत बसतो. 'हप्ता आलाच नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींचे पैसे त्यांच्याच विसरलेल्या खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या, असं स्पष्ट सांगायचं. बँक दाद देत नसेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खाते उघडता येतं, तिथे आधार जोडून मिळतो.

तिन्ही ठिकाणी 'यस' असूनही हप्ता नाही, तर 155261 या हेल्पलाइनवर विचारता येतं. 2025 पासून काही अर्ज पडताळणीसाठीही थांबवले गेले आहेत, विशेषतः नवरा-बायको दोघांना लाभ मिळत असेल किंवा 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आली असेल तिथे. अशा वेळी कागद घेऊन प्रत्यक्ष जावं लागतं. आधीच नोंदणी असलेल्याचे थांबलेले हप्ते त्रुटी दूर झाल्यावर मिळू शकतात. ज्याने नोंदणीच केली नाही, त्याला मागचे हप्ते मिळत नाहीत. म्हणून उशिराची किंमत खरी आहे.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाने एखादी फाइल किंवा लिंक आली तर ती उघडू नका. तशा फाइलींनी मोबाइलचा ताबा घेऊन खाती रिकामी झाली आहेत. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावं, आणि ओटीपी कुणालाही सांगू नये, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

जे आपलं नाही, ते घेऊ नये

शेवटी एक कडू गोष्ट. काही घरांत अब्बांचा इंतिकाल झाला, पण कुणी कळवलं नाही. हप्ता त्यांच्या खात्यात येत राहिला आणि मुलं एटीएमने काढत राहिली. कुणी सरकारी नोकरीत आहे, तरी नोंदणी केलेली. कुणी प्राप्तिकर भरतो, तरी हप्ता घेतो.

नियम साफ आहेत. मागच्या वर्षी प्राप्तिकर भरणारे, सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आजी-माजी आमदार-खासदार, यांच्या कुटुंबांना ही योजना नाही. आमच्यासारख्या शिक्षकांनाही नाही, गावाकडे जमीन असली तरी. महाराष्ट्रात अशा हजारो लोकांना तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा गेल्या आहेत. घेतलेली रक्कम संकेतस्थळावरून परत करता येते आणि लाभ स्वतःहून सोडताही येतो. नोटीस येईपर्यंत थांबू नये.

मरहूम माणसाच्या नावाने आलेला पैसा खाणं हे कायद्याने चूक आणि दीनच्या हिशोबानेही हलाल नाही. बापाच्या नावाने फातिहा द्यायची आणि त्याच्याच नावाने सरकारला फसवायचं, हे जमत नाही. गंमत अशी की त्याच घरात वारस नोंद केली असती तर मुलांना स्वतःच्या नावाने, हक्काचे पैसे मिळाले असते.

या महिन्यात करायचं काम

प्रत्येक घराने एक जुनी फाइल बाहेर काढावी. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो काढून घ्यावा. त्यावरची नावं मोठ्याने वाचावीत. त्यातलं कोण हयात आहे, कोण नाही, कुणाचं नाव राहिलं, हे एका कागदावर लिहावं. बहिणींना फोन करावा. आधार आणि पासबुक शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून पाहावं.

ज्या गावात आपली पन्नास-साठ घरं आहेत, तिथे जुम्म्यानंतर मशिदीत किंवा शाळेत एक रविवार हे काम सामूहिक करता येईल. शिकलेली मुलं-मुली फॉर्म भरतील, जमातचे जिम्मेदार तलाठ्यांना त्या दिवशी बोलावतील. यात कुणाकडे चंदा मागायचा नाही, कुठला मोर्चा काढायचा नाही. कागदावर जिवंत माणसाचं नाव आणायचं आहे, एवढंच. बारा हजार त्याच्या मागून येतील, इन्शाअल्लाह, आणि पुढच्या पिढीला जमीन भांडणाशिवाय मिळेल.